चौकीपर्यंत सोबत

वस्तीतल्या धंदा करणाऱ्या बायका तिला वकीलबाई म्हणत; होती त्यांच्यातलीच. कुणाचं दवाखान्यात अडो, कुणाला घरमालक हाकलून देवो, भांडायला ही पुढे. त्या आठवड्यात मात्र एका गिऱ्हाइकानं तिचेच दोन दात पाडले. एकटी दोनदा पोलीस चौकीत जाऊन आली. दोन्ही वेळा हसून वाटेला लावली.

आमच्या संस्थेत तेव्हा जोरात वाद पेटला होता. काही जणी म्हणत, हा धंदा म्हणजे बाईची विटंबनाच, तो बंद झाला पाहिजे. बाकीच्या म्हणत, ते काम आहे, कामाचे हक्क द्या. मी अधलीमधली, "सगळ्या त्या एकाच परमेश्वराच्या लेकी" म्हणत डोळे पुसणारी. वकीलबाई दाराशी उभी राहून ऐकत होती. सुजल्या तोंडानं म्हणाली, "तुमचं ठरू दे सावकाश. तोवर चौकीपर्यंत कुणी सोबत येतं का? बरोबर कुणी असलं की तक्रार लिहून घेतात."

"मी येते," मी म्हणाले. माझा आवाज माझा मलाच गोड लागला.

सकाळी अकराला चौकीत शिरलो. ती बाकावर टेकली, मी पाणी प्यायला वळले, तर समोर व्याही! लेकीचं ठरून जेमतेम दहा दिवस झालेले. त्यांची स्कूटर चोरीला गेली होती.

"अहो विहीणबाई, तुम्ही इथं कुठं?"

तेवढ्यात हवालदारानं वकीलबाईला विचारलं, "आज कुणाला आणलंस?"

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"दाखला हवा होता, पत्त्याचा," मी व्याह्यांना म्हणाले. चांगलं मोठ्यानं.

"कुणी नाही साहेब," ती म्हणाली. "एकटीच."

"मग वेळ कशाला खातेस? चल, ऊठ."

ती उठली. व्याही हवालदाराकडे वळले तशी मी तिच्यामागे पायरीपर्यंत धावले. "अगं, चल परत. सांगते मी त्यांना."

"राहू दे ताई. लेकीचं लग्न पार पडू दे. माझे अजून तीस दात शिल्लक आहेत."

हसली आणि चालू लागली. मी तिचा हात धरायला हवा होता. पण देवा, तुझ्यापासून काय लपवू, आधी मला हायसंच वाटलं.

आत आले. व्याही रुमालानं बाक पुसत होते, ती बसली होती तेवढाच.

"बसा," ते म्हणाले, "आता स्वच्छ आहे."

मी बसले.