पाव इंच कमी

गेल्या मंगळवारी माझ्यावर एक माणूस बसला. चांगला अर्धा तास बसला, वर चहाही प्यायला. मात्र अधिकृत नोंदीनुसार असं काही घडलेलं नाही. म्हणून मित्रांनो, तुम्हीही ते वाचलेलं नाही. आपण पहिल्यापासून सुरुवात करू.

मी एक जुनी खुर्ची आहे. सरळ पाठीची, दोन हातांची. मला घडवणारा सुतार इतका काटेकोर होता, की त्याने मला काचेच्या तावदानावर उभं करून पाहिलं. मी तसूभरही हलले नाही. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. आयुष्यात मिळालेलं हे पहिलं कौतुक. ते पंधरा दिवस टिकलं.

मग साहेबांनी मला घरी आणलं आणि पहिल्याच रविवारी करवत घेऊन माझा मागचा डावा पाय पाव इंच कापला.

साहेब नौदलात अधिकारी होते. न हलणाऱ्या जमिनीवर आपल्याला घास गिळवत नाही, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, कपाळाला हात लावला. "लोक लंगडी खुर्ची दुरुस्त करतात. तुम्ही धडधाकट खुर्ची लंगडी केलीत," त्या म्हणाल्या. या घरात माझी बाजू कोणीतरी घेतली, असं मला वाटलं. साहेब हसले आणि जेवायला बसले. टक. घास. टक. घास. पुढे पुढे बाई स्वयंपाकघरातूनच आवाज ऐकायच्या. टक मंदावली, की पोट भरत आलं.

जळत्या इंजिनखोलीतून अकरा जणांना ओढून काढल्याबद्दल साहेबांना शौर्यपदक मिळालं. घरी आल्यावर त्यांनी ते माझ्या हाताला अडकवलं आणि विसरून गेले. आठवडाभर पदक माझ्याकडेच होतं. मी काहीही केलेलं नसताना.

मग युद्ध आलं आणि साहेबांची नौका बुडाली. वाचलेल्यांनी घरी येऊन सांगितलं, की शेवटच्या होडीत एकच जागा उरली होती. साहेबांनी जहाजावरच्या स्वयंपाक्याला दंडाला धरून तिथे ढकललं आणि म्हणाले, "तू बस." त्यानंतर साहेब कोणालाच दिसले नाहीत.

मित्रांनो, इथून माझा वैताग सुरू होतो.

साहेबांच्या धाकट्या भावाने स्मृती समिती स्थापन केली. बाई त्यांना भाऊजी म्हणतात. समितीत अध्यक्ष, सचिव आणि सदस्य अशी तीन पदं आहेत आणि तिन्ही भाऊजींकडे आहेत. ठराव एकमताने होतात. एकदा झाला नव्हता, तेव्हा भाऊजी दोन दिवस स्वतःशी बोलत नव्हते.

समितीने पुढची खोली स्मारकासाठी घेतली. बाईंनी कागदावर सही केली. तेव्हा त्या कशावरही सही करत होत्या. खोलीतल्या बाकीच्या खुर्च्या मागे गेल्या. माझ्याभोवती दोरी आली, पाटी आली: 'कृपया बसू नये.' डगमगणं स्मारकाला शोभत नाही, म्हणून आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडीही आली. भाऊजी मला रोज सकाळी पुसतात, तेही उभ्याने. ज्या माणसाने शेवटचं काम म्हणून दुसऱ्याला बसायला जागा दिली, त्याच्या आठवणीसाठी एकतीस वर्षं कोणालाही बसू दिलेलं नाही. मी खुर्ची आहे. मला एवढंच येतं.

तो स्वयंपाकी दरवर्षी स्मृतिदिनाला यायचा. गुडघे कामातून गेलेले. भाऊजींचं भाषण संपेपर्यंत मागे भिंतीला टेकून उभा असायचा.

गेल्या मंगळवारी तो एकटाच आला. भाऊजी पॉलिशचा डबा आणायला गेले होते. बाई चहा टाकायला आत गेल्या आणि इकडे त्याचे गुडघे वाकले. खोलीत धरायला दुसरं काही नव्हतं. त्याने माझा हात पकडून मला आपल्याकडे ओढलं. दोरी पडली, पुठ्ठा मागे राहिला आणि तो मटकन बसला.

टक.

आत कपबशी वाजायची थांबली. बाई दारात आल्या. स्वयंपाकी घाईघाईने माफी मागत उठू लागला.

"उठू नका," बाई म्हणाल्या. "त्यांनी एकदा बस म्हटलंय ना तुम्हाला?"

तो बसला. त्याने चहा घेतला. घोट. टक. घोट. टक. बाई भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होत्या. टक मंदावली, तशा न विचारता आत जाऊन आणखी चहा घेऊन आल्या.

भाऊजी परतले ते उंबऱ्यातच थबकले. आता पाटीकडे बोट दाखवणार, असं मला वाटलं. पण ते बराच वेळ नुसते ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "दादा अगदी असाच वाजवायचा."

मला वाटलं, सुटले मी.

बुधवारी समितीची सभा झाली. 'सदर घटना घडलेली नाही' असा ठराव एकमताने मंजूर झाला. पुठ्ठ्याची घडी आता दुहेरी आहे. ती घालताना भाऊजींनी मला एकदा, अगदी हळू, हाताने डोलवून पाहिलं. टक. याचीही नोंद नाही.

प्रति, अध्यक्ष, सचिव व सदस्य, स्मृती समिती.
विषय: बसणेबाबत.
महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते, की अर्जदाराच्या मागील डाव्या पायाखालील पुठ्ठा काढून घ्यावा. दर मंगळवारी गुडघे दुखणाऱ्या किमान एका व्यक्तीस अर्जदारावर बसण्याची परवानगी द्यावी. आणि अशी व्यक्ती न आल्यास त्या दिवशी अध्यक्षांनी स्वतः बसावे.
कळावे,
आपली विश्वासू,
खुर्ची
(अर्जदारास हात दोन आहेत, तथापि सही करता येत नाही.)