पायाकडची बाजू

गुणाबाईनं पदर खोचला आणि ओल्या गोधडीवर पडलेल्या नातीच्या काखांत हात घातले. दीपिका अकरा वर्षांची; मान, पाठ, काहीच तिचं तिला सावरता येत नसे.

समोर कुरखेड्याच्या केंद्रातली सुकरी बसली होती. अशी लेकरं केंद्रात चार-आठ दिवस सांभाळतात, तेवढाच घरच्यांना विसावा, हे सांगायला ती आली होती. सून रंजीताच्या भावाचं लग्न तोंडावर आलं होतं.

"आमच्या घरची पोरगी दुसऱ्याच्या दारात नाई राहत," गुणाबाई म्हणाली. "मी काई मेली नाई आजून. या सुनेले म्हनतो जाय, तं म्हनते मनच होत नाई. भावाच्या लग्नाले मन होत नाई. असं कसं माहेर वो हे?"

रंजीता सुपातले तांदूळ निवडत राहिली.

"मंग बाई, तिले उचलता तुमी?" सुकरीनं विचारलं.

"पाह्यतं का? पाह्य."

तिनं जोर लावला. पोरीची पाठ वीतभर वर आली. मग गुणाबाईची कोपरं थरथरली आणि पोर हळूहळू तिच्याच मांडीवर घसरली. तिनं पुन्हा धरलं. पुन्हा तेच.

सुकरी उठू लागली, त्याआधीच रंजीता सूप ठेवून आली. सासूकडे न पाहता तिनं काखांतले हात सोडवले, तिथं आपले घातले.

"आई, तुमी पायाकडून व्हा."

रोज असंच म्हणायची ती. काडीसारखे पाय, त्यांचं वजन ते कितीसं? तेवढे हातात घेऊन 'मी उचलतो नातीले' असं गुणाबाई गावभर सांगत आली होती. बापाच्या तेरवीलाही रंजीता सकाळी जाऊन दुपारी, पोरीला उचलायच्या वेळेला, परतली होती. तेव्हाही राहायचं मन होत नाही, हेच म्हणाली होती.

पोर कोरड्या गोधडीवर आली. गुणाबाईनं तिचे पाय सोडले नाहीत.

"कधीपासून ठाऊक हाये तुले?"

"काय?" रंजीता म्हणाली, आणि ओली गोधडी घेऊन अंगणात गेली.

गुणाबाई दाराकडे पाहत राहिली. मग सुकरीकडे वळली. आवाज नेहमीसारखाच करडा होता.

"लग्न होईपर्यंत ठेवजो. निजवताना डाव्या कुशीवर टाकजो तिले. उजव्या कुशीवर टाकलं तं रडत नाई ती. नुसती जागी राह्यते."