ॲक्सलवरचा बिल्ला

माझा राग नाकावर असतो, हे गॅरेजात सगळ्यांना ठाऊक आहे. सोमवारी ताई ट्रक घेऊन आली आणि म्हणाली, "अरे, वळवलं की स्टिअरिंग क्षणभर उशिरा ऐकतंय." मी फटकन बोललो, "परवाच दोन्ही टाय रॉड एंड नवे टाकलेत. नवं आहे, रुळेल."

"नवऱ्याबद्दलही हेच सांगितलं होतंस," ती म्हणाली.

ताई माझी थोरली बहीण. तिचा एकच मध्यम ट्रक. त्यावर ती बारा वर्षं फर्निचर पोचवते आहे. शाळेला सुट्टी असली की सात वर्षांची बिट्टी, माझी भाची, आईच्या शेजारी बसलेली असते. मंगळवारी सुट्टीच होती आणि त्यांना घाट उतरायचा होता.

टाय रॉड म्हणजे पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारा दांडा. त्याच्या टोकांना जे सांधे असतात, तेच हे एंड; त्यांचा निमुळता खिळा चाक वळवणाऱ्या आर्मच्या भोकात घट्ट बसतो. तो सुटला की चाक कुणाचं ऐकत नाही.

आमच्या समोरच जुनाआण काकांचं सुट्या भागांचं दुकान आहे. काहीही मागा, म्हातारा म्हणणार, "जुना आण, मग नवा ने." मला ती कटकट वाटायची. म्हणून या वेळी मी दुसऱ्या दुकानाला फोनवर ट्रकचं नाव आणि साल सांगून माल मागवला आणि जुने सांधे भंगारात फेकून दिले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

ताईने वाद घातला नाही. रस्ता ओलांडून ती काकांना घेऊन आली. काका पुठ्ठा पसरून ट्रकखाली शिरले, एका सांध्यावर दोन बोटं टेकवली आणि मला स्टिअरिंग इकडून तिकडे हलवायला लावलं.

"नट घट्ट आहे, खिळा सैल आहे," खालून आवाज आला.

"असं कसं होईल?"

"काढ, म्हणजे दिसेल."

मी धुसफुसत सांधा काढला. काकांनी खिळ्याला निळी शाई फासली, भोकात घालून फिरवला आणि बाहेर काढला. फक्त वरच्या काठाशी एक रेघ पुसली होती. बाकी शाई जशीच्या तशी. माझा खिळा एवढ्याशा कडेवर तरला होता.

मग त्यांनी पुढच्या ॲक्सलवरचं, म्हणजे चाकांमधल्या आडव्या कण्यावरचं, ग्रीस आणि रंगाचे थर खरवडले. आतून अंगठ्याएवढा पत्र्याचा बिल्ला निघाला. बॅटरीच्या उजेडात, अगदी नाक टेकवून त्यांनी आकडे वाचले.

"हा ॲक्सल या ट्रकचा नाहीच. आधीच्या मालकाने दुसरा चढवलाय. सांधा ट्रकच्या नावाला बसत नसतो बाबा, ॲक्सलला बसतो. म्हणून म्हणतो, जुना आण."

बारा वर्षं मी त्या ट्रकखाली पाठ टेकली होती, पण तो बिल्ला कधी पुसला नव्हता. वयाने डोळे अधू झालेल्या माणसाला दोन बोटांनी जे कळलं, ते मला वीस वर्षांत कळलं नव्हतं. राग तर कुठल्या कुठे पळाला.

बिल्ल्यावरच्या नंबराचे सांधे काकांच्या फळीवर होते. पुन्हा शाई लावली. या वेळी ती दोन्हीकडे सगळीकडून सारखी पुसली गेली. "भोकं झिजली नाहीत, वाचली," काका म्हणाले. मी नट आवळले, पिना घातल्या, दोन्ही चाकांमधलं अंतर टेपने तीनदा मोजलं.

हात पुसताना ताईला विचारलं, "दोन दिवस गाडी अशीच चालवलीस?"

"गावातल्या गावात. वीसच्या वर गेले नाही."

"आणि बिट्टी?"

"तिला शेजारच्या काकूंकडे ठेवलं. पहिल्याच वळणावर हाताला कळलं होतं."

"मग दुसरीकडे दाखवायचंस ना!"

"आणि तुझ्या हाताचं नाव घालवायचं? म्हटलं, सोमवारी गॅरेज उघडू दे."

मला तिच्याकडे बघवेना.

मंगळवारी सकाळी मी न सांगता तिच्या दारात जाऊन केबिनमध्ये बसलो. माझ्या हातचं काम, घाटात मीही असायला हवं होतं. ताई हसली नाही. तिने स्टिअरिंग बोटभर डावीकडे नेलं, बोटभर उजवीकडे, आणि मान तिरकी करून जरा थांबली.

मग खिडकीतून डोकं बाहेर काढून तिने हाक मारली, "बिट्टे, चल गं, बस लवकर!"

पोरगी माझ्या मांडीवर पाय देऊन आमच्या मधे येऊन बसली.