दोनशे जीबी छाटले

हसाकाकांचं खरं नाव गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. अर्धं आयुष्य कॅमेऱ्यामागे उभं राहून लोकांना "हसा, जरा हसा" म्हणण्यात गेलं, म्हणून हसाकाका. स्वतः मात्र क्वचितच हसायचे. ते खातं त्यांनी गिऱ्हाइकांकडे सोपवलं होतं. त्यांच्या फोटो स्टुडिओत पुढच्या खोलीतला कॅमेरा त्यांचा आणि मागच्या खोलीतला कॉम्प्युटर सुनेचा, अशी सरळ वाटणी होती.

सुनेचा जीव त्या मागच्या खोलीत रमायचा. कुणाच्या गालावरची पुटकुळी पुसायची, कुणाचे मिटलेले डोळे दुसऱ्या फोटोतून आणून बसवायचे, यात तिला तहानभूक आठवत नसे. मशीनवर लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिमही तिनेच हौसेने टाकली होती. पण हल्ली त्या मशीनने अगदी मान टाकली होती. फोटो सेव्ह करायला लावावा आणि खुशाल चहा पिऊन यावं. जुने फोटो बाहेरच्या डिस्कवर हलवून तिने निम्मी जागा मोकळी केली, तरी रडगाणं तेच. त्यात शाळेच्या वार्षिक फोटोंचं काम आलं आणि काकांनी सकाळीच जाहीर करून टाकलं, "हे सगळं बाहेर लॅबला देतो. यापुढेही तिकडेच देत जाऊ. लॅबवाल्याचा संध्याकाळी फोन येईल."

 काम बाहेर गेलं की सुनेची खुर्चीही गेली. सासऱ्यांना आपलं काम पसंत नाही, हे मनात पक्कं बसलं आणि ते फार लागलं. तरी ती एवढंच म्हणाली, "बाबा, संध्याकाळपर्यंत थांबा."

मग ती हात धुऊन त्या मशीनच्या मागे लागली. इकडे वाच, तिकडे विचार, असं करत दुपारी एकदाचं दुखणं सापडलं. ती पुढच्या खोलीत येऊन म्हणाली, "बाबा, डिस्कचं ट्रिम चालू करायचं राहून गेलं होतं. ते करते."

काका ताडकन उठले. स्टुडिओत ट्रिमचा अर्थ एकच: प्रिंट कटरखाली धरायची आणि कडा छाटायच्या. एकदा ग्रुप फोटोच्या कडेबरोबर त्यांनी नवरीचे मामाच छाटले होते, आणि ते मामा अजूनही त्यांना ओळख दाखवत नव्हते.

"सगळ्या फोटोंना कात्री लावणार? अगं, डोकं ठिकाणावर आहे का?"

"फोटोंना नाही हो! आपण फाइल उडवतो ना, ते डिस्कला कुणी कळवतच नाही. लॉजमधले लोक खोल्या सोडून गेले, पण काउंटरवर सांगितलंच नाही, तसं. काउंटरवाला बिचारा खोल्या भरलेल्याच समजतो आणि नव्या माणसाला खोली द्यायला तासभर लावतो. ट्रिम म्हणजे नुसता निरोप, की या खोल्या रिकाम्या आहेत."

"आणि चुकून उडवलेलं काही परत हवं असलं तर?"

"ते मात्र मग मिळणार नाही. आठवतंय काही?"

काकांनी बराच विचार केला. काही आठवेना, तेव्हा कपाळावरच्या आठ्या तशाच ठेवून ते तिच्या मागे जाऊन उभे राहिले. डिस्कला ट्रिम चालतं याची तिने आधी खात्री केली, दर आठवड्याला ते आपोआप व्हावं म्हणून टायमर सुरू केला, आणि पहिली खेप हातानेच चालवली. थोड्या वेळाने पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली: २१२ जीबी ट्रिम्ड.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "दोनशे जीबी छाटले? मेलो! शाळा गेली आपली!"

सुनेला हसू आवरेना. तिने शाळेचं फोल्डर उघडलं. एकूण एक पोरगं जागच्या जागी होतं, दात पडलेलंसुद्धा. तिने एक फोटो नीट करून सेव्ह केला, तर बोट उचलायच्या आत झाला. दुसरा, तिसरा, भराभर.

काकांच्या जिवात जीव आला. ते स्टुलावर टेकले आणि म्हणाले, "चला, आता तुला डोळे चोळत ताटकळायला नको. मला ते बघवत नव्हतं गं. म्हणून तर लॅबला द्यायला निघालो होतो."

सुनेचा हात माउसवरच थांबला. "म्हणून? मला वाटलं, माझं काम तुम्हाला आवडत नाही."

"काहीतरीच! मला वाटलं, माझ्यापायी तू इथे अडकून पडलीयस."

"बाबा, मला हे काम मनापासून आवडतं. हे गेलं असतं तर मी रडले असते."

"मग तोंड उघडायचं की! मला कसं कळणार?" काका खेकसले, पण आवाज जरा ओला झाला होता.

तेवढ्यात लॅबवाल्याचा फोन आला. "नाही हो, काम देत नाही," काका म्हणाले. "रागावू नका, पण आमची सूनबाई सोडायला तयार नाही."

आणि फोन ठेवून ते चक्क मोकळेपणाने हसले. कॅमेरा जवळ नव्हता, म्हणून सून नुसती बघत राहिली.