ड्रम नसलेला फ्लॅट

रविवारी सकाळी बेल वाजली. प्रेरणाने दार उघडलं तर समोर कपिल. इस्त्रीचा शर्ट, चोपून बसवलेले केस आणि हातात रिकामी कळशी. तिला पाहून त्याचा चेहराच उतरला.

"थोडं पाणी पायजे होतं," तो कसाबसा म्हणाला. "पाहुणे आले. नळ येऊनच नाही राह्यला."

समोरच्या दारावर त्याच्या नावाची पाटी लागली, त्या दिवसापासून प्रेरणा या बेलची वाट पाहत होती. सोफा आला, टीव्ही आला, खिडक्यांना पडदे लागले. पण पाण्याचा ड्रम काही आला नाही. यवतमाळात नळ येतो आठवड्यातून एखादवेळी, तोही नशीब असेल तर. इथं भाडेकरू खोलीत आधी ड्रम आणतो, मग गादी. ज्याच्या वावरातली विहीर कधी आटली नाही, त्याच्या हे डोक्यात कसं यावं?

चार वर्षांपूर्वी, बाभुळगावजवळच्या त्यांच्या गावात, याच कपिलशी लग्न ठरून तिचं साक्षगंध झालं होतं. पुढे ती यवतमाळात शिकायचं, नोकरी करायची म्हणाली आणि कपिलचे वडील पुंडलिकराव यांनी ते मोडलं. नुसता निरोप धाडला असता तरी चाललं असतं. त्यांनी भर चावडीत तिच्या बाबांना उभं केलं. "शहराची हवा लागलेली पोरगी आमच्या घरात चालत नाही," असं दहा माणसांत सुनावलं. बाबा मान खाली घालून ऐकत राहिले. कपिल तिथंच उभा होता, स्वतःच्या चपला न्याहाळत.

ती शहरात आली ती रडतच. पण शहराने तिला रडायला फारसा वेळ दिला नाही. एमएस्सी झाली, पाणी तपासणाऱ्या एका लॅबमध्ये नोकरी लागली. स्कूटीवरून दहा मिनिटांत काम, ताप आला तर चालत जाण्याइतका जवळ दवाखाना. संध्याकाळी चौकात एकटीने उभं राहून आलूबोंडा खाल्ला तरी कोणी वळून पाहत नाही. तू कोणाची, असं विचारण्याआधी लोक तू काय करतेस, ते विचारतात.

तिकडे गावात बोंडअळीने कापूस पोखरला, उरला त्याला भाव नाही. मुलींचे बाप आता वावर किती ते विचारत नव्हते. यवतमाळात घर आहे का, हे विचारत होते. नकार ऐकून ऐकून पुंडलिकरावांनी मुलीकडच्यांना दाखवण्यापुरता हा फ्लॅट भाड्याने घेतला, हे तिला गावाकडून कधीच कळलं होतं.

"दे ती कळशी," ती म्हणाली. "मीच आणतो."

ती पाणी घेऊन आत शिरली आणि सोफ्यावरचे पुंडलिकराव अर्धे उठून पुन्हा बसले. समोर महागावचे भगवानराव, त्यांच्या पत्नी रत्नप्रभाबाई आणि मुलगी गुंजन.

"तू शेजारची काय, पोरी?" भगवानरावांनी विचारलं. सोयरीक जोडायची तर शेजाऱ्याला विचारल्याशिवाय त्यांचं भागत नव्हतं. "कसं हाय मंग यवतमाळ?"

"लय चांगलं, काकाजी. कॉलेज हाय, दवाखाने हायेत, पोरीले काम भेटते. मी तं सोडून जाणार नाही."

"आमची गुंजन बीकॉम हाय. नोकरी कराची म्हणते."

प्रेरणा पुंडलिकरावांकडे वळली. "काकाजी, करू द्यान ना सुनेले नोकरी?"

पुंडलिकरावांच्या कपाळावर घाम आला. "करू देईन ना. काहून नाही देणार?"

"जरा मोठ्यानं सांगा. कूलरच्या आवाजात ऐकू नाही येत."

"करू देईन म्हटलं ना!" ते ओरडलेच.

रत्नप्रभाबाई खूश झाल्या. गुंजन मात्र हात धुवायला गेली आणि कोरडेच हात घेऊन परत आली.

"मोरीत एक बादली पण नाही," ती कपिलला म्हणाली. "तुम्ही आंघोळ कुठं करता?"

कपिलने बापाकडे पाहिलं. बापाने प्रेरणाकडे. एका वाक्याचं काम होतं. ड्रम धुवायला माझ्याकडे ठेवलेत, एवढं म्हटलं असतं तरी धकून गेलं असतं.

"सांग ना व पोरी यायले," पुंडलिकराव म्हणाले. त्या आवाजात असली अजिजी तिने कधी ऐकली नव्हती. तिला ती फार गोड लागली.

"सांगतो ना," ती म्हणाली आणि तिने सांगितलं. साक्षगंध, चावडी, बाबांना सुनावलेला शब्द न् शब्द, भाड्याचा फ्लॅट. आवाज न चढवता, काही न गाळता, लॅबमध्ये निष्कर्ष वाचून दाखवावा तसं.

भगवानराव उठले. चहा तसाच राहिला.

"तुह्या बापानं हेच शिकवलं काय तुले?" पुंडलिकराव म्हणाले.

"नाही जी. बापानं तं गुमान ऐकून घ्याले शिकवलं होतं. हे मी इथं शिकली."

जिन्यापाशी गुंजन घुटमळली. खालून भगवानराव हाका मारत होते, "चाल ना व माय!"

"ताई," ती हळूच म्हणाली, "इथं एकट्या पोरीले खोली भेटते काय हो?"

आतल्यांना ऐकू जाईल अशा बेताने प्रेरणा म्हणाली, "भेटते ना. हाच फ्लॅट रिकामा होऊन राह्यला. येताना ड्रम घेऊन ये."