कुंपणातला कोट

फ्रान्सहून परत आल्यापासून अविनाश परब मास्तरांनी स्वतःच्या घराच्या कुंपणाकडे बघणे सोडले होते. फाटकातून आत-बाहेर करताना ते मान वळवून शेजाऱ्याच्या गोठ्याकडे बघत. शेजाऱ्याला वाटले, मास्तरांचा म्हशीवर डोळा आहे.

मास्तरांनी पेडण्याच्या शाळेत आयुष्यभर फ्रेंच राज्यक्रांती शिकवली, पण फ्रान्स कधी पाहिला नव्हता. मुलगी सायली तिकडे नोकरीला लागली आणि निवृत्तीनंतर तिने आईवडलांना बोलावून घेतले. महिनाभर किल्लेच किल्ले. आंजेच्या किल्ल्याच्या काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या बुरुजांखाली मास्तर इतका वेळ उभे राहिले की त्यांच्या पत्नी सुप्रियाबाईंना खुर्ची शोधावी लागली. तिथल्या राजाने हा किल्ला पाडायचा हुकूम दिला होता. किल्लेदाराने हुकूम डोक्यावर घेतला आणि पाडकाम अशा बेताने चालवले की बुरुजांची नुसती डोकी उतरली, तोवर राजाच मेला. मास्तरांना हा किल्लेदार फार आवडला. सरकारी कामाची दिरंगाई कुणाला तरी उपयोगी पडल्याचे हे त्यांनी पाहिलेले पहिलेच उदाहरण.

मग एक दिवस सायलीने त्यांना एका खेड्यातल्या पडक्या किल्ल्यावर नेले. वाट दाखवणारी बाई म्हणाली, "क्रांतीनंतर गावकऱ्यांनी याचे दगड नेले. तो समोरचा गोठा दिसतो ना, त्याची चौकट किल्ल्याची आहे." सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. सुप्रियाबाईंनी त्यांच्याकडे बघितले आणि पुन्हा गोठ्याकडे बघितले.

कारण चार वर्षांपूर्वी मास्तरांच्या कुंपणाच्या भिंतीला जांभ्या दगडाचे चिरे कमी पडले होते. खाणी बंद, भाव आभाळाला. गावाच्या वर जुन्या पडक्या किल्ल्याचे, म्हणजे कोटाचे, घडीव चिरे झुडपांत पडलेले. पडलेलेच तर आहेत, मास्तरांनी मनाला सांगितले, आणि रोज भर दुपारी, गाव जेवून आडवा झाला असता, खेपा करून ते गाडीच्या डिकीतून घरी आणले. त्या कोटात गावच्या राखणदाराचा, देवचाराचा वास, तिथले वाळके लाकूडही त्याला विचारल्याशिवाय कुणी उचलत नाही. मास्तर विज्ञाननिष्ठ होते, त्यामुळे त्यांनी विचारले नाही. मात्र कुंपणाला दोन्ही बाजूंनी प्लास्टर करून घेतले, तेवढी काळजी विज्ञाननिष्ठ माणसानेही घ्यावी लागते.

हे सगळे तसेच राहिले असते, पण गावच्या वाचनालयाने मास्तरांचे व्याख्यान ठेवले. मास्तर पडद्यावर बुरुज दाखवत गेले आणि बोलण्याच्या भरात म्हणून गेले, "त्यांनी दगड न् दगड जपला. आपल्या कोटाचं काय?"

टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी अख्खा गाव कोयते घेऊन कोटावर. झुडपे तोडली, पाला काढला, आणि दिसले ते असे की पूर्वेची भिंत जवळजवळ गायब. तिथे जमिनीत चौकोनी खळगे होते. खळगे ताजे नव्हते, पण फार जुनेही नव्हते.

देवस्थानाचे अध्यक्ष यशवंतभाऊ खळग्याशी उकिडवे बसून म्हणाले, "आमच्या गावचो कोण देवचाराच्या वस्तूक हात लावचो ना. हो कोण तरी बाहेरचो."

बाहेरचा म्हणजे विजय. बेळगावकडचा हा माणूस कित्येक वर्षे गावात भाड्याच्या खोलीत राही आणि टेम्पोने चिरे, रेती वाहून नेई. चिरे गेले, हा चिरे वाहतो. आणखी पुरावा कशाला हवा होता? लोकांनी त्याला भाड्याने बोलवायचे सोडले. घरमालकाने सांगितले, देवचाराला वर्षाचा रोट, जाड भाकरीचा नैवेद्य, देतात त्या दिवशी गावासमोर काय ते मिटव, नाहीतर खोली सोड.

"मी नारळावर हात ठेवून आण घेतो की," विजय म्हणाला.

"बाहेरच्याची आण देवचाराक कशी पावतली?" यशवंतभाऊंनी विचारले. मग थोडा विचार करून म्हणाले, "पण घेतली नाय तर मात्र चोर."

संध्याकाळी विजय मास्तरांकडे आला. टेम्पो कुंपणाला लावला आणि बालकांवच्या, म्हणजे घरापुढल्या ओसरीच्या, पायरीवर बसला.

"मास्तर, तुमी शिकलेला माणूस. गाव तुमचं ऐकतंय. दोन शब्द बोला की ओ माझ्यासाठी."

"बोलतो," मास्तर गोठ्याकडे बघत म्हणाले.

"नक्की न्हवं?"

"योग्य वेळ बघून बोलतो."

सुप्रियाबाईंनी चहा दिला. विजय गेल्यावर कप उचलताना त्या म्हणाल्या, "अहो, काय बोलणार?"

"योग्य तेच."

"योग्य ते कुंपणात आहे."

मास्तरांनी आंजेच्या किल्लेदाराचा आधार घेतला. घाई केली की नुकसान होते. सावकाश घ्यावे. कदाचित गाव विसरेल, कदाचित यशवंतभाऊंना दुसरा कोणी बाहेरचा सापडेल. असे रोज थोडे थोडे सावकाश घेत रोटाचा दिवस उजाडला. तोवर कुणीच मेले नव्हते.

आता त्या दिवशी कोटावर देवचारापुढे गाऱ्हाणे घालायचा मान परबांच्या घराचा, म्हणजे मास्तरांचाच. गाऱ्हाण्याची रीत अशी की घालणारा एकेक वाक्य बोलतो आणि गाव एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतो. वाक्यात काय आहे याकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. सूर ओळखीचा असला की झाले. विजयला पुढे उभे केले होते. त्याने धुतलेला शर्ट घातला होता.

मास्तरांनी दोन्ही हातांत नारळ धरला.

"बा देवचारा, गावच्या राखणदारा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तुझ्या कोटाचे चिरे कोणी जाणून नेले असतील, कोणी अजाणून नेले असतील..."

"अजाणून कित्याक?" यशवंतभाऊ कानाशी पुटपुटले. "चिरो काय चपलाक चिकटान जाता? हात झडूं म्हणा त्याचे."

मास्तरांनी आपल्या हातांकडे बघितले. मग विजयकडे बघितले. विजय त्यांच्याकडेच बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर विश्वास होता. खरे तर शिव्या असत्या तर सोपे गेले असते.

"ते विजयच्या टेम्पोतून गेले नाहीत, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"माझ्या गाडीच्या डिकीतून गेले, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"माझ्या घराच्या कुंपणात, प्लास्टरच्या आत आहेत, म्हाराजा."

"व्हय..." निम्मा गाव इथे थांबला. मागच्या बाजूला कोणीतरी एकटाच 'म्हाराजा' म्हणाला आणि इकडेतिकडे बघू लागला.

शेवटी यशवंतभाऊंनी विचारले, "मास्तर, ह्यां गाऱ्हाणां सोपलां, काय मदीच थांबलां?"

"सोपलां."

यशवंतभाऊंनी मास्तरांच्या हातांतून नारळ काढून घेतला आणि पुढचे गाऱ्हाणे स्वतः घातले. मान तिथेच गेला. हात झडण्याचा विषय त्यांनी काढला नाही. निदान मोठ्याने तरी नाही.

दुसऱ्या दिवशी घरमालक विजयकडे गेला, खोली तुझीच, राहा म्हणाला. यशवंतभाऊही गेले आणि बराच वेळ पावसापाण्याचे बोलून परत आले. मास्तर सर्वांत शेवटी पोहोचले. विजय टेम्पोत भांडी भरत होता.

"आता कशाला जातोस?" मास्तर म्हणाले. "सगळं मिटलं ना."

"डिचोलीला खोली बघितली की." विजयने गादीची वळकटी आत फेकली. "मास्तर, मी तुमच्या पायरीवर बसून चहा पिलो. टेम्पो त्याच कुंपणाला लावला होता."

"हो."

"तवा तुमाला ठाऊक होतं."

"हो."

"मग बोलायला रोटापर्यंत कशाला थांबलाय ओ?"

मास्तरांनी इतिहासातले एकही उदाहरण दिले नाही. आत लोखंडी कपाट उरले होते. त्यांनी न विचारताच त्याची एक बाजू धरली. विजयने क्षणभर बघितले आणि दुसरी धरली. दोघांनी ते दारातून तिरके करून बाहेर काढले, पायऱ्या उतरवल्या.

"तिकडं चांगलं आहे का?" मास्तरांनी धापा टाकत विचारले.

"आसपास कोट हाय काय, ते आधी विचारून घेतलं," विजय म्हणाला.

कपाट टेम्पोच्या फळीवर टेकत आले. ते जड होते, आणि विजयने आपली बाजू जराशी आधीच सोडली. सगळा भार मास्तरांच्या हातांवर आला.