हात मागे

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये बाईंचा एकच कायदा होता. विद्यार्थी पंप खोलत असला की शिकवणाऱ्याचे हात पाठीमागे! पोरं नट उलटा फिरवोत, बोट चेमटून कोकलोत, बाई काही हात सोडायच्या नाहीत. "रडा, पण जोडा," म्हणायच्या. पोरांनी त्यांचं नाव 'कैदी' ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊकही होतं.

आधी इथली मुलं ढीगभर मार्क घेऊन बाहेर पडायची आणि पहिल्याच मुलाखतीत तोंडावर आपटायची. फळ्यावर पंप झकास चालायचा हो, खरा समोर ठेवला की पाना कसा धरायचा इथपासून बोंब. मग बाईंनी भंगारातले पंप आणवले आणि एकेकाला खोलायला बसवलं. आपला हात जगन्नाथ! तेव्हापासून कंपन्या आपल्या पायांनी दारात यायला लागल्या, मुलं लांब लांब नोकरीला जायला लागली. बाई दर वर्षी हसून निरोप द्यायच्या. दुसऱ्यांची लेकरं ती, जायचीच.

यंदा शेवटच्या वर्षाला त्यांची स्वतःची लेक होती.

घरात दोघीच. लेक गुणगुणत नळ दुरुस्त करायची, बाई चहा ठेवायच्या, एवढंच काय ते घर. आणि या वेळी आलेल्या कंपनीचा कारखाना समुद्रापलीकडे. गेलेली पोर वर्षातून एकदा दिसली तर दिसली.

परीक्षेला कंपनीचे साहेब सुटे भाग टेबलावर मांडून म्हणाले, "जोडा आणि पाणी सोडा. गळला, तर आमचा नमस्कार."

लेकीची पाळी आली. हात सराईत होते, पण घाई नडली. झाकणाचे नट तिनं ओळीनं एकामागून एक आवळले. ते समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे असतात, नाहीतर झाकण तिरकं बसतं आणि पाणी गळतं. बाईंनी ते पाहिलं. घरी लेक काही विसरली की त्या नुसत्या खाकरायच्या आणि तिला कळायचं. आताही एकदा खाकरलं असतं तरी पुरे होतं.

त्या खाकरल्या नाहीत. कायदा होता म्हणून? कसला कायदा आणि कसलं काय! गळू दे, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. गळू दे गं बाई, आणि राहा माझ्याजवळ.

लेकीचा हात पाण्याच्या चावीकडे गेला आणि थांबला. तिनं झाकणाच्या कडेवरून अंगठा फिरवला. कपाळाला आठी पडली. "चुकलं," ती स्वतःशीच म्हणाली, सगळे नट सैल केले आणि या वेळी समोरासमोरचे आवळले. पाणी सोडलं. थेंब नाही.

"मॅडम, झालं." कॉलेजात आई मॅडम असायची.

साहेब खूश. "अंगठा फिरवून बघायला कुणी शिकवलं?"

"आमच्या मॅडमनी. ओरडून ओरडून."

सगळे हसले. बाईही हसल्या, पण डोळे भरून आले. आपलंच शिकवणं आपल्या मुळावर आलं, आता बोलायचं कुणाला? आणि अभिमानानं ऊर फुटायची वेळ आली होती, ते तरी कुणाला सांगायचं?

निघायच्या दिवशी बॅगेची चेन अडकली. लेक गुडघ्यावर बसून झटापट करत होती आणि बाई दारात उभ्या होत्या, सवयीनं हात मागे. शेवटी चेन लागली.

"आई, झालं," लेक उठली. "आता तरी हात सोड ना. निघाले मी."

"नाही सोडत. सोडले तर तुला जाऊ द्यायची नाही मी."

लेक आईच्या पाठीमागे गेली आणि एकमेकांत घट्ट अडकलेली ती बोटं तिनं एकेक करून सोडवली.